चाकाची पाठ

२०१३ च्या दसऱ्याला मी स्विफ्टला १६ इंची अलॉय घातले. काळे, दहा दांड्यांचे, कडेला बारीक लाल रेघ. दुकानदारानं अर्ध्या तासात चारही चाकं बदलली आणि म्हणाला, "साहेब, आता गाडी कशी भरलेली दिसते बघा." दिसत होती खरी. पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली. चौथ्या दिवशी घरची पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोल्हापूरला निघालो. खंबाटकी ओलांडून पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी आपटली आणि मागून 'खर्रर्र' असा आवाज आला. आई म्हणाली, "डिकीतलं काहीतरी पडलं." साताऱ्यात थांबून बघितलं, तर मागच्या मडगार्डच्या ओठानं टायरचा खांदा संत्र्यासारखा सोलून काढला होता.

चाकाबद्दल तेव्हा मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: किती इंची आणि केवढ्याला. घात करणारा आकडा तिसराच होता. तो रिमच्या पाठीवर, दांडीच्या आतल्या अंगाला ओतलेला होता: 'ईटी ३५'. दुकानात चाक भिंतीला टांगलेलं असतं, आपण तोंड बघून पसंत करतो आणि पाठ भिंतीकडे राहते. तेव्हापासून गेली बारा वर्षं मी चाकं उलटी करून बघत हिंडतोय. नाना पेठ झाली, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला. लग्नाला गेलो तरी वधूपक्षाच्या पार्किंगमध्ये माझी एक फेरी होतेच.

ईटी म्हणजे आइनप्रेसटीफे, जर्मन शब्द. आपल्याकडे सगळे ऑफसेट म्हणतात. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ कल्पा. रिम हबला जिथे टेकते ती बैठक या रेघेपासून किती मिलिमीटरवर आहे, तो ऑफसेट. बैठक रस्त्याच्या बाजूला सरकलेली असेल तर आकडा अधिक, इंजिनाच्या बाजूला असेल तर उणे. आता गोंधळ इथे होतो, भल्याभल्या टायरवाल्यांचासुद्धा: आकडा मोठा तेवढं चाक गाडीच्या पोटात, आकडा लहान तेवढं चाक बाहेर. ३५ हे मूळ ४५ पेक्षा कमी, म्हणून चाक दहा मिलिमीटर बाहेर.

पण एवढ्यावर भागत नाही, कारण रुंदीही बदललेली असते. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५. साडेपाच इंचाचं अर्धं म्हणजे जवळपास ७० मिलिमीटर. त्यातून ४५ वजा केले की बैठकीपासून बाहेरची कड २५ वर, आणि ४५ मिळवले की आतली कड ११५ वर. आता ७ इंची रिम घ्या, ऑफसेट ३५. अर्धी रुंदी ८९. बाहेरची कड ५४ वर, आतली १२४ वर. म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला २९ मिलिमीटर आलं आणि आतही ९ मिलिमीटर शिरलं. बाहेर मडगार्ड, आत शॉकॲब्सॉर्बर. दोन्हीकडून आपण जागा खाल्ली आणि दुकानात त्याला 'एक इंच अपसाइझ' एवढंच नाव होतं. हा हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल. मला मात्र ते सोललेलं टायर समोर ठेवूनच जमला.

टायरचा व्यास सांभाळणं त्या मानानं सोपं. १६५/८० आर १४ या टायरची उंची ६१९.६ मिलिमीटर, १८५/६५ आर १५ ची ६२१.५, आणि १९५/५५ आर १६ ची ६२०.९. तीन वेगवेगळ्या रिम, उंची जवळजवळ एकच. रिम वाढली तेवढी रबराची भिंत घटली. मी मात्र दुकानदाराच्या आग्रहाखातर २०५/५५ आर १६ घेतले होते, उंची ६३१.९. फरक दोन टक्क्यांच्या आतबाहेरचा, स्पीडोमीटरला तो चालून जातो. पण दहा मिलिमीटर रुंदी आणि साडेपाच मिलिमीटर त्रिज्या वाढली, तीही चाक आधीच बाहेर आलेलं असताना. मडगार्डच्या ओठाला तेवढं पुरलं.

ऑफसेट कंपनी उगाच ठरवत नाही. पुढचं चाक ज्या तिरप्या रेषेभोवती वळतं ती रेषा खाली रस्त्यापर्यंत वाढवली, तर टायरच्या मध्याच्या थोडी आत किंवा बाहेर टेकते. हे अंतर फार विचारानं ठेवलेलं असतं. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ते मुद्दाम उणे ठेवलं होतं: एका बाजूची चाकं निसरड्यावर असताना ब्रेक दाबला, तरी गाडी स्वतःच सरळ राहायला मदत करावी म्हणून. आपण ऑफसेट दहानं कमी केला की हे अंतर दहानं हलतं. माझी गाडी रस्त्याकडेच्या वाळूत ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातातून ओढून घ्यायची. मी महिनाभर अलाइनमेंटवाल्याला बोल लावले, त्याचा काही दोष नव्हता. बेअरिंगवर लांब दांड्यासारखा जोर येतो तो वेगळाच.

हल्ली थारवाल्यांचं बघा. उणे ऑफसेटच्या रिम, टायर मडगार्डच्या चार बोटं बाहेर, आणि पावसाळ्यात चिखलाचं कारंजं थेट स्वतःच्याच आरशांवर. रुबाब असेल. मला ते धोतराचा सोगा चाकात अडकलेल्या माणसासारखं दिसतं.

'मॅगव्हील' हा शब्द कोल्हापूरकडे अजून ऐकू येतो. मॅग्नेशियमचा मॅग. आजची चाकं ॲल्युमिनियमची, नाव जुनंच चिकटलं. ओतीव ॲल्युमिनियमची चाकं शर्यतीत गाजली ती १९२४ साली, बुगाटी टाइप ३५ या गाडीवर, आणि लिऑनच्या त्या पहिल्याच शर्यतीत गाडीला दगा दिला तो चाकांनी नव्हे, टायरांनी! हे वाचलं त्या दिवशी साताऱ्याचं दुःख जरा हलकं झालं. शौकिनांच्या देव्हाऱ्यातलं दुसरं चाक जपानी, रेज कंपनीचं टीई ३७, १९९६ चं. १५ इंची, ६ इंच रुंदीच्या त्या चाकाचं वजन ३.७ किलो, नावातले ३७ तिथूनच आले. बाजारात अलॉय घेताना वजन कुणी विचारत नाही. मी ताणकाटा घेऊन जातो. दुकानदार हसतात, मग स्वतःच वजन बघायला वाकतात.

माझा खरा जीव अडकलाय तो चाकाच्या मधल्या भोकात. बाजारातल्या पुष्कळशा अलॉयचं भोक ७३.१ मिलिमीटरचं असतं, म्हणजे कुठल्याही गाडीला चालावं. स्विफ्टचा हब ५४.१ चा. मध्ये चारही बाजूंनी साडेनऊ मिलिमीटरची पोकळी. मग चाक मध्यावर बसवायचं काम एकट्या नटांवर येतं, आणि नट कुणी कसा आवळला यावर मध्य ठरतो. माझी गाडी ८५ ला थरथरायची, १०५ ला पुन्हा शांत. तीनदा बॅलन्सिंग केलं, शिशाची वजनं लावून रिमला माळ घातली. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक बरोबर मध्यावर बसतं, गाडीवर बसत नाही, हे कुणाच्या डोक्यातच येईना.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी व्हर्निअर लावला, चाकाच्या भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे चाक बसवलंय कुठं? टांगलंय नुसतं." ॲल्युमिनियमच्या गजातून त्यांनी चार रिंगा काढल्या, बाहेरून ७३ आणि आतून ५४.१. पहिली रिंग हबवर दाबली तेव्हा 'टुच्' असा आवाज झाला, चांगल्या डब्याचं झाकण लागतं तसा. येताना १२० पर्यंत काटा नेला (बायको झोपली होती). स्टिअरिंग गप्प.

नटांचंही तसंच. सुझुकीचा आटा १.२५ चा, टोयोटा, होंडा, ह्युंदाईचा १.५ चा. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलाकार, बाजारी अलॉयची बहुधा निमुळती. जुना नट नव्या चाकात घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो एका बारीक कडेवर. आणि फियाटवाल्यांनी तर डोळ्यांत तेल घालावं. कुर्ल्यात बनलेल्या पॅलिओचे बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर, बाकीचा बराचसा बाजार १०० चा. दोन मिलिमीटरांत काय होतंय म्हणून पाना मारून चाक बसवता येतं, बसवणारेही भेटतात. पन्नास किलोमीटरवर ते पुन्हा ढिलं होतं.

राहिलेल्या गोष्टी भराभर सांगतो. टायरवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नको (८८ म्हणजे ५६० किलो). रिमवर जेडब्ल्यूएल किंवा आयएसआयची खूण बघा. टायरच्या चार आकडी शिक्क्यात आधी आठवडा, मग वर्ष. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल मूळ तपशिलापासून गाडी बदलण्याच्या विरोधात आहे, तेव्हा विमा कंपनीला आधी कळवा.

नवं चाक घेण्याआधी मी आता कणकेचा प्रयोग करतो. दुकानदाराकडून एकच चाक तासभरासाठी मागून घ्यायचं, ते बसवायचं. घट्ट मळलेल्या कणकेच्या लिंबाएवढ्या गोळ्या मडगार्डच्या ओठाखाली आणि आत शॉकॲब्सॉर्बरजवळ चिकटवायच्या. मागे तीन धडधाकट माणसं बसवायची, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायचं, सोसायटीच्या गतिरोधकावरून दोन फेऱ्या मारायच्या. मग गोळी कितपत चपटली ते पट्टीनं मोजायचं. बोटाच्या जाडीइतकी उरली तर चाक पास. आमच्या सोसायटीत पहिल्या वेळी भटक्या कुत्र्यानं डावीकडचा सगळा पुरावा खाल्ला होता.

सध्या गाडीला १५ इंची, ६ इंच रुंदीच्या, ईटी ४५ च्या रिम आहेत, टायर १८५/६५. समोरून कुणाचं लक्षही जात नाही. ते काळे चार गच्चीत पडलेत. एकात आईनं गोणपाट घालून गवती चहा लावलाय, ३५ चा आकडा मातीखाली गेलाय.