मलिक अंबर : विकला गेलेला मुलगा, राज्य चालविणारा मुत्सद्दी

हिमायतनगरास शाळेंत इतिहास शिकवितांना रोमच्या सुल्लाचा पाठ आला, कीं मुलें स्तब्ध होत. इ. स. पूर्वी ८८ मध्यें आपल्याच नगरावर फौज नेणारा आणि ८२ मध्यें सर्वाधिकारी होऊन वध्य शत्रूंच्या याद्या चौकांत लावणारा हा सेनापति! असा पुरुष आपल्याकडे झाला काय, असें एखादा विद्यार्थी विचारी. तेव्हां मी मलिक अंबराची हकीकत सांगें.

हा हबशी मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि हस्तेपरहस्ते निजामशाहीचा मंत्री चंगीजखान याच्या पदरीं आला. १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला. इतरांस जेथें शेवट दिसला, तेथें अंबरास संधि दिसली. राजघराण्यांतील मुर्तजा यास त्यानें परांड्यास गादीवर बसविलें, आपली कन्या त्यास दिली आणि कारभार स्वतःच्या हातीं घेतला. प्रतिस्पर्धी राजू दखनी यास कैद करून पुढें ठार केलें. जांवयाशीं बिनसतांच १६१० मध्यें त्यास विष घालविलें, आणि त्याचा अल्पवयी मुलगा बुऱ्हाण यास गादीवर बसविलें.

परंतु नुसत्या क्रौर्यानें राज्य चालत नाहीं. अंबरानें सारावसुलीची मक्तेदारी मोडून जमिनीच्या प्रतीप्रमाणें आकार ठरविला. खडकी वसवून तेथें नहरीचें पाणी आणिलें. हीच खडकी पुढें औरंगाबाद झाली. समोरासमोर न लढतां मराठा घोडेस्वारांकरवीं तो मोगलांची रसद तोडी. १६२४ मध्यें भातवडीस त्यानें मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेस धूळ चारली. शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढत होते. जहांगीर इतका चिडला होता, कीं अंबराच्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहों, असें चित्रच त्यानें काढविलें! प्रत्यक्षांत तें मस्तक त्याच्या हातीं कधींच लागलें नाहीं. १६२६ मध्यें अंबर वृद्धापकाळानें वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.

आतां पुढचें ऐका. त्याचा पुत्र फत्तेखान यानें त्याच बुऱ्हाणाचा वध करविला आणि १६३३ मध्यें दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. पित्याचें शौर्य पुत्रानें घेतलें नाहीं. राजास दूर करण्याचा कित्ता मात्र त्यानें अचूक गिरविला. सुल्लानें ७९ मध्यें सत्ता सोडली, तरी त्यानें दाखविलेल्या वाटेनें ४९ मध्यें सीझर फौज घेऊन रोमवर आलाच. कर्तबगार पुरुष नियम मोडतो, तेव्हां त्याची कर्तबगारी त्याच्याबरोबर जाते. मोडलेला नियम मात्र मागें राहतो.