वाट पाहण्याचा अर्थ

आमच्या पिंपळगाव राजाच्या शिवारात मृग कोरडा गेला की शेतकऱ्याची कसोटी लागते. घाईने पेरले तर दुबार पेरणीचे संकट. उशीर केला तर हंगाम हातचा जातो. वखरणी उरकून, बियाणे घरात आणून ठेवून तो आभाळाकडे पाहत राहतो. म्हणूनच नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचताना मी थबकलो. धीराचा दाखला म्हणून तिथेही पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरीच आहे.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत आशेसाठी येणारा ‘तिक्वा’ हा शब्द दोरीसाठीही येतो. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला बांधते, ती किरमिजी दोरी हीच. वाट पाहण्यात ताण आहे, पण धरून ठेवणेही आहे.

तरीही मला एक शंका छळत असे. धीराचा उपदेश बहुधा दुबळ्यांनाच, त्यातही बायकांनाच केला जातो. मग ‘देवाच्या इच्छेची वाट पाहा’ म्हणजे ‘मुकाट सोसा’ असेच ना?

या शंकेचे उत्तर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त सापडले. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पतीपासून दूर राहून त्यांनी काही काळ पंढरपुरात काढला. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळे सोडले नाही; स्वयंपाक-पाणी वेगळेच ठेवले. मात्र विचार थांबला नव्हता. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. तो माणसाचाच, असे मनाने कौल दिल्यावर सोवळे गळून पडले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पती ख्रिस्ती झाला म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःचा विवेक होकार देईपर्यंत थांबल्या. मुकाट सोसणे आणि वाट पाहणे यांतला फरक नेमका इथे आहे. सोसणाऱ्याचा निर्णय दुसरा घेतो. वाट पाहणारा तो आपल्याजवळ राखून ठेवतो.

सोळाव्या शतकातील संत इग्नाशियस लोयोला यांचाही एक नियम आहे: मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. खचलेल्या मनाला भीतीचा आवाजही देवाचा वाटू शकतो.

आमचा शेतकरी हे जाणतो. पहिल्या शिडकाव्याला तो पेरत नाही. मूठभर माती उचलतो, ओल किती खोल गेली ते पाहतो आणि मगच तिफण जुंपतो.