गॅमा किरणांनी कांद्याला काय होतं?

पडद्यावरचं विज्ञान : लेखांक ७

मागच्या लेखांकानंतर देवळ्यातल्याच एका विज्ञानशिक्षकांनी गाठलं आणि जरा रागानेच विचारलं, ‘‘तुम्ही या सिनेमांचं एवढं कौतुक करता, पण त्यातलं एक तरी यंत्र खरं चालेल का? पोरं वर्गात येऊन तेच खरं म्हणून सांगतात.’’ सरांचा प्रश्न वाजवी आहे. या आठवड्याचा लेख त्यांच्या तक्रारीवरच.

उदाहरण त्यांच्याच आवडीचं घेऊ, म्हणजे नावडीचं. हल्क. ब्रूस बॅनर नावाचा शास्त्रज्ञ गॅमा किरणांच्या तडाख्यात सापडतो आणि राग आला की फुगून अक्राळविक्राळ हिरवा होतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२मध्ये हे पात्र कॉमिकमध्ये आणलं. पहिल्या अंकात तो हिरवा नव्हताच, करडा होता. छपाईत करडा रंग धड उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला. तेव्हा हल्कच्या रंगाचं श्रेय गॅमा किरणांना नाही, छापखान्याला द्यायला हवं.

आता खरे गॅमा किरण पाहायचे तर लांब जायला नको. भावडबारी ओलांडून चांदवडमार्गे लासलगावला जावं. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२पासून आहे. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणारे गॅमा किरण तिथे शेतमालावर सोडतात. कांद्याला त्यांची मात्रा मिळाली की कोंबाच्या जागी ज्या वाढणाऱ्या नाजूक पेशी असतात, त्यांच्यातल्या डीएनएला इजा होते, पेशींचं विभाजन थांबतं आणि कोंब फुटत नाही. थोडक्यात, अमेरिकेत गॅमा किरणांनी माणूस हिरवा होतो आणि निफाड तालुक्यात त्याच किरणांनी कांदा हिरवा व्हायचा थांबतो.

कांद्याला लागणारी मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे. ग्रे हे वस्तूत किंवा शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांच्या ऊर्जेचं माप. माणसाच्या सबंध शरीराला एकदम ४-५ ग्रे मात्रा बसली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. ब्रूस बॅनरला कांद्याएवढी मात्रा मिळाली असती तर राग यायच्या आत, दोन-चार दिवसांत, तो गेला असता. कांदा मात्र तेवढी मात्रा घेऊनही खाण्याजोगा राहतो आणि स्वतः किरणोत्सारी होत नाही, कारण कोबाल्टच्या गॅमा किरणांत अणूचं केंद्रक बदलण्याइतकी ऊर्जाच नसते. २००७मध्ये भारतीय हापूस बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेत पोचला तो याच केंद्रातून जाऊन. आंब्याला कोंबाची भीती नाही, प्रश्न फळातल्या किडीचा होता, म्हणून मात्रा बरीच जास्त, किमान ४०० ग्रे.

पण उन्हाळ कांदा चाळीत भरणाऱ्या कुणालाही हे ऐकून पुढचा प्रश्न सुचेलच : मग सड थांबते का? नाही थांबत. वजनातली घटही थांबत नाही, त्यासाठी वेगळी थंड साठवण लागते. शिवाय कांदा काढल्यावर त्याच्या झोपेच्या काळातच किरण द्यावे लागतात, कोंबाने आत हालचाल सुरू केली की उशीर झाला. खऱ्या तंत्राची ओळखच ही. ते काय करतं हे जाहिरात सांगते. ते काय करत नाही, कधी करत नाही आणि त्याला खर्च किती, हे वापरणारा सांगतो.

सरांना माझं पहिलं उत्तर इथेच आहे. सिनेमातल्या यंत्राने भौतिकशास्त्राची परीक्षा पास व्हावी अशी माझी अट नाही. माझी अट एवढीच, की त्या यंत्राला काहीतरी जमत नसावं, आणि जे जमत नाही ते मध्यंतरानंतरही जमू नये.

‘मिस्टर इंडिया’ घ्या. १९८७चा शेखर कपूर यांचा सिनेमा, लेखन सलीम-जावेद यांचं. शास्त्रज्ञ वडिलांनी बनवलेलं घड्याळासारखं यंत्र मनगटावर चढवलं की अनिल कपूर गायब. फक्त लाल प्रकाशात दिसतो. लालच का, निळ्यात का नाही, याला काहीही शास्त्रीय कारण नाही. विज्ञान म्हणून ही शुद्ध थाप आहे. तरी तो सिनेमा पाहिलेल्या माणसाला कथेतलं दुसरं काही आठवो न आठवो, लाल रंगाचं आठवतंच. कारण त्या एका अटीमुळे प्रत्येक प्रसंगात धाकधूक येते. लाल काच कुणाच्या हाती लागली तर?

एच. जी. वेल्स यांनी हाच अदृश्य माणूस ९० वर्षं आधी, १८९७मध्ये लिहिला, आणि ते हिशेबाला जास्त कडक निघाले. त्यांच्या ग्रिफिनचं शरीर अदृश्य होतं, कपडे होत नाहीत. त्यामुळे दिसायचं नसेल तर ऐन थंडीत उघड्याने फिरायचं. खाल्लेलं अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहतं. तो आधी एका मांजरीवर प्रयोग करतो, तर तिच्या डोळ्यांमागचा चमकणारा पडदा काही केल्या नाहीसा होत नाही. अनिल कपूरची टोपी, कोट, घड्याळ सगळं एकदम गायब होतं, म्हणजे त्याचं बरंच स्वस्तात झालं. पण एका जागी दोघांचीही पंचाईत सारखीच. पूर्ण अदृश्य माणूस आंधळा असायला हवा. दिसण्यासाठी डोळ्यातल्या पडद्याने प्रकाश शोषायला लागतो, आणि प्रकाश आरपार जाऊ द्यायचा तर तो शोषायचा कुठून? वेल्सना याची कुणकुण असावी असं त्या मांजरीच्या डोळ्यांवरून मला वाटतं. पुढे कथा चालवायची होती, म्हणून त्यांनी तिकडे डोळेझाक केली. लेखकाला एवढी सवलत द्यावी.

‘बॅक टू द फ्युचर’ (१९८५) तर समजावण्याच्या फंदातच पडत नाही. त्यातल्या काळप्रवासाच्या गाडीत एक ‘फ्लक्स कपॅसिटर’ असतो. तो नेमका कसा चालतो हे सिनेमा संपेपर्यंत कळत नाही. आपल्याला दोनच आकडे मिळतात : गाडीचा वेग ताशी ८८ मैल हवा आणि वीज हवी १.२१ गिगावॅट. ताशी ८८ मैल म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर. उमराणे ते सौंदाणे महामार्गावर रात्री एखादा गडी तेवढ्या वेगाने जातही असेल, भूतकाळात मात्र पोचत नाही, दवाखान्यात पोचतो. विजेचं पाहिलं तर १.२१ गिगावॅट म्हणजे १२१० मेगावॅट. आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१०चे तीन संच, सगळे मिळून ६३० मेगावॅट. ते पूर्ण क्षमतेने चालवून सगळी वीज त्या गाडीत घातली तरी अर्धंच काम होईल. १९५५ सालात अडकलेल्या पोराला एवढी वीज कुठून मिळणार? फक्त कडाडणाऱ्या विजेतून, तीही नेमकी कधी आणि कुठे पडणार हे माहीत असेल तर. सिनेमाचा अख्खा शेवट त्या एका आकड्यावर उभा आहे. यंत्र समजलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. आकडा विसरला असता तर सिनेमा कोसळला असता.

विजेवरून रजनीकांतचा ‘रोबोट’ (२०१०) आठवतो. त्यातला यंत्रमानव चिट्टी एकटा शंभरांना लोळवतो, पण त्याचं चार्जिंग संपतं, तेही ऐन मारामारीत. शेतीपंपाला रात्रीची थ्री-फेज वीज कधी येते याकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रेक्षकाला त्या सबंध सिनेमात याहून पटणारं दुसरं काय दाखवणार?

उलट टोकाला, समजावण्याने घात झाल्याचंही उदाहरण आहे. ‘स्टार वॉर्स’मधली ‘फोर्स’ ही अदृश्य शक्ती १९७७पासून लोकांनी बिनतक्रार मान्य केली होती. १९९९च्या ‘द फँटम मेनेस’मध्ये सांगितलं गेलं, की रक्तात मिडिक्लोरियन नावाचे सूक्ष्मजीव असतात, ज्याच्या रक्तात ते जास्त त्याची शक्ती जास्त. म्हणजे रक्त तपासून ऋषी ओळखायचा. चाहते अजूनही त्यावर चिडतात. त्या खुलाशाने कथेत नवी अडचण आली नाही, नवी शक्यताही आली नाही. गूढ तेवढं गेलं.

‘ज्युरासिक पार्क’ला मात्र खुलासा फळला. अंबरमध्ये अडकलेला डास, त्याच्या पोटातल्या रक्तात डायनोसॉरचा डीएनए, तुटलेल्या जागी बेडकाचा डीएनए जोडायचा. हे सगळं सिनेमात एक कार्टून सांगतं आणि सिनेमा पुढे निघतो. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२मध्ये काढलेला हिशेब सांगतो की डीएनएचे दुवे दर ५२१ वर्षांनी निम्मे तुटतात. डायनोसॉर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा डासाच्या पोटात वाचण्याजोगं काहीच उरलं नसणार. तरी तो बेडूक तिथे उगाच आलेला नाही. काही बेडूक लिंग बदलू शकतात, म्हणून सगळ्या माद्याच असलेल्या उद्यानात अंडी सापडतात. चुकीच्या विज्ञानातून कथा बरोबर निघाली. हिंदीत डब होऊन १९९४मध्ये तो आपल्याकडे आला तेव्हा ज्यांनी पाहिला, त्यांना डीएनए हा शब्दच पहिल्यांदा तिथे भेटला असण्याची शक्यता मोठी आहे.

सरांची तक्रार खरी बोचते ती नेमकी इथे. जयंत नारळीकरांना हा प्रश्न फार आधी पडला होता. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून. त्यांची विज्ञानकथा वाचकापर्यंत विज्ञान पोचवायला निघालेली होती, तेव्हा त्यात विज्ञान चुकलं तर कथेचं कामच बुडालं. २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा मराठीने या परंपरेला उशिरा का होईना पाट मांडला. तब्येतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. पण नारळीकरांची कसोटी सगळ्या सिनेमांना लावणं मला पटत नाही. ‘इंटरस्टेलर’ला (२०१४) किप थॉर्न यांच्यासारखा भौतिकशास्त्रज्ञ मिळाला, कृष्णविवराचं चित्र खऱ्या समीकरणांवरून काढलं गेलं, त्यातून शोधनिबंधही निघाला. त्यातला लक्षात राहतो तो प्रसंग कुठला? कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, एवढा नियम आधी सांगितलेला असतो. बाप परत येतो, तर पोरांचे २३ वर्षांचे साठलेले निरोप त्याच्यासमोर एकामागून एक चालू होतात. इथला नियम खरा आहे, ‘मिस्टर इंडिया’तला खोटा. प्रेक्षकाच्या पोटात खड्डा पाडण्याचं काम दोघेही सारखंच करतात.

मात्र एक फरक मी करतो, आणि तो सरांच्या बाजूचा आहे. फ्लक्स कपॅसिटर जगात कुठेच नाही. त्याबद्दल कुणी काहीही मानलं तरी बिघडत नाही. गॅमा किरण आहेत, डीएनए आहे, लस आहे. खऱ्या वस्तूचं नाव उसनं घेतलं की सिनेमा संपल्यावरही ते नाव प्रेक्षकाच्या डोक्यात राहतं, आणि उद्या बाजारात ‘विकिरण केलेला कांदा’ अशी पाटी दिसली की तिथूनच बोलायला लागतं. तेव्हा नाव जितकं खरं, तितकी सिनेमावाल्याची जबाबदारी जास्त. हल्कवाल्यांनी कुठलातरी झेटा किरण शोधला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती.

आणि जिथे सगळंच उघड खोटं आहे, तिथे? त्याचा उत्तम नमुना आपल्यापासून तासाभरावर तयार झाला. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ केल्यानंतर ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. सुपरमॅन झाला शफिक, यंत्रमागावरचा काडीसारखा कामगार. हिरवं कापड ताणून, त्यापुढे त्याला आडवा धरून उडवलं. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला. फैझा अहमद खान यांनी २००८च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हा सगळा खटाटोप टिपला, आणि २०२५मध्ये रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मुळे तो थेट थिएटरपर्यंत गेला.

हा सुपरमॅन का उडतो, हे कुणी विचारत नाही. लुकड्या शफिकच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते, पण त्याची गंमत नुसती नाडीत नाही. मूळ सुपरमॅनला अशक्त करायला क्रिप्टोनाइट नावाचा परग्रहावरचा दगड लागतो. मालेगावच्या सुपरमॅनला इथल्या हवेने दमा होतो. त्याची लढाई तंबाखूच्या व्यसनाशी आहे. अमेरिकेतल्या लेखकांना नायकाची दुबळी जागा शोधायला दुसऱ्या ग्रहावर जावं लागलं, नासिर शेख यांना ती यंत्रमागाच्या गल्लीतच सापडली. धुराने आणि कापसाच्या तंतूंनी फुप्फुसं भरणं हे तिथल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला लागत नाही. गॅमा किरणांशी खेळणाऱ्या महागड्या सिनेमांपेक्षा या नाडीवाल्या सुपरमॅनचं शरीरशास्त्र जास्त बरोबर आहे, असं मी सरांना सांगितलं. ते हसले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न काढला : अंतराळात हवाच नसते, तर तिथल्या स्फोटांचा आवाज कसा येतो? तो पुढच्या लेखांकात.