आबांची जावा

दोस्तांनो, एक कोडे घाला पाहू मोठ्या माणसांना! अशी कोणती मोटरसायकल, जिचे सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि जिची किक हाच तिचा गिअर?

तुमच्या बाबांना कदाचित नाही सांगता येणार, पण आजोबा चटकन म्हणतील, ‘‘जावा!’’

आमच्या घरी अशीच एक जावा होती. 1969 सालची, 250 सी.सी.ची, लालभडक तपकिरी रंगाची. माझे वडील, म्हणजे आबा, गुरांचे डॉक्टर. वाडीवस्तीवर कुणाची म्हैस अडली की रात्री-अपरात्री आबा जावाला किक मारून निघत. 1999 साली ते निवृत्त झाले आणि गाडी पडवीत उभी राहिली. ती उभीच! टायर बसले, चाकांच्या तारा गंजल्या, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

2022च्या दिवाळीत भंगारवाला दारात आला. किलोवर भाव ठरला. तेवढ्यात माझी चौदा वर्षांची भाची पुढे झाली नि म्हणाली, ‘‘मामा, आजोबांना विचारलंस?’’

मी गप्प. आबांची नजर काचबिंदूने पार गेली आहे. त्यांना गाडी दिसत तर नाहीच, मग विचारायचे काय, असे मी मनात धरून चाललो होतो. भाचीने आबांचा हात धरून त्यांना पडवीत आणले. आबांनी हँडल चाचपले, टाकीवरून हात फिरवला. डाव्या बाजूला एक पोचा आहे, तिथे बोटे थांबली. हसून म्हणाले, ‘‘हा ओढ्यातला. 74 साल. गाय वाचली, टाकी चेपली.’’

भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला.

जावा म्हणजे कोण?

आधी थोडा इतिहास. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाचे एक कारखानदार होते. 1929 साली त्यांनी वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. यानेचेकमधला ‘जा’ आणि वाँडररमधला ‘वा’, झाली जावा! आपल्याकडे 1961 पासून म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात ही गाडी तयार होऊ लागली. 1973 पासून तिचे नाव येझदी झाले. 1996 साली हा कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा या नावाने नव्या गाड्या बाजारात आल्या, पण त्यांचे इंजिन अगदी वेगळे आहे. जुन्या जावाचे सुटे भाग हवे असतील तर जुने मिस्त्री आणि जुने बाजारच धुंडाळावे लागतात.

पहिली चूक

मी शाळेत भूगोल शिकवतो. तोवर पान्हा हातात धरला तो फक्त गॅसच्या नळीसाठी! पण उत्साह दांडगा. पहिल्याच रविवारी सायलेन्सरची गंजलेली चकती निघेना, म्हणून मी छिन्नी लावून हातोडा हाणला. ‘टण्ण!’ चकती तिथेच, आणि सिलिंडरची एक पाकळी तुटून माझ्या पायाशी!

इंजिन थंड राहावे म्हणून सिलिंडरला बाहेरून या पाकळ्या असतात. जितकी जास्त जागा वाऱ्याला लागेल तितकी उष्णता लवकर जाते. एका पाकळीने इंजिनाचे फारसे अडले नाही, पण मला मात्र रात्रभर झोप नाही.

आबा एवढेच म्हणाले, ‘‘अडलेल्या गाईला ओढून चालतं का? तेल सोड, दम धर.’’

तो आमचा पहिला धडा. प्लग काढून त्या भोकातून आम्ही आत थोडे तेल-डिझेल सोडले. रोज थोडे थोडे. बाहेरच्या चकतीलाही तेच औषध. नवव्या दिवशी मागचे चाक गिअरमध्ये हळूच फिरवले, तर जाम झालेला पिस्टन सुटला! पडवीत आम्ही तिघे टाळ्या पिटत होतो. त्यानंतर चकतीसुद्धा योग्य पान्ह्याने अलगद निघाली.

डबे, चिठ्ठ्या आणि आबांची बोटे

दुसरा धडा भाचीचा. ती प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्यायची. मग नट, बोल्ट, वॉशर एका डब्यात, वर चिठ्ठी. श्रीखंडाचे रिकामे डबे असे सत्कारणी लागले! मी मात्र ‘लक्षात राहील की!’ म्हणत सात बोल्ट एकाच थाळीत टाकले होते. ते कुठले, हे कुणाला कळेना. आबांनी एकेक बोल्ट चिमटीत धरला, आट्यांवरून नख फिरवले आणि सांगितले, ‘‘हा चेनकव्हरचा. हा डायनामोचा. हा आपला नाहीच, सायकलचा आहे!’’

ब्रेकच्या वेळी आबांनी भाचीला लांब बसवले. त्या काळच्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसाला घातक. म्हणून ती फुंकायची नाही, हवेने उडवायची नाही. मी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि फडके पिशवीत बांधून टाकले.

टाकी आतून गंजली होती. जुने पेट्रोल काढून, टाकी उघडी ठेवून चांगली वाळू दिली. मग व्हिनेगर आणि मूठभर बारीक खडी घालून दोन दिवस पाळणा हलवावा तशी हलवली. व्हिनेगरमधले आम्ल गंज विरघळवते, खडी तो खरवडते. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, म्हणजे उरलेले आम्ल मरते.

पोच्याचे काय?

टाकी रंगाऱ्याकडे नेली. तो म्हणाला, ‘‘पोचा भरून देतो, कळणारसुद्धा नाही.’’ मी मान डोलावली. भाची एकदम ओरडली, ‘‘नको! रंग आजोबांना दिसणार नाही. पोचा त्यांना दिसतो!’’

रंगारी आमच्याकडे बघतच राहिला. पोचा तसाच ठेवून त्याने वर रंग मारला.

भुर्रर्र!

आता राहिली ठिणगी. प्लगला नेमक्या वेळी ठिणगी मिळावी म्हणून ‘पॉइंट’ नावाचा एक छोटा उघडझाप करणारा भाग असतो. तो उघडल्यावर फट हवी 0.4 मिलीमीटर. तेवढ्या जाडीची पोलादी पट्टी त्या फटीत सरकवून बघतात. हे काम आबांनी आपल्याकडे घेतले. ‘‘सैल आहे... अजून थोडं... आता घट्ट झालं... हां!’’ ज्याला दिसत नाही त्याने आमच्या गाडीची सर्वात नाजूक फट जुळवली.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, कारण आतल्या भागांना वंगण देणारे दुसरे कुणी नसते. आम्ही एका लिटरला 40 मिलिलिटर तेल घातले. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. मारली एक. मारल्या दहा. घाम निघाला. आबा कान देऊन म्हणाले, ‘‘पेट्रोल पोचत नाहीये.’’ कार्ब्युरेटर उघडला, तर बारीक छिद्रात कचरा. तो हवेने साफ केला. पुन्हा किक... आणि भुर्रर्र! पडवीभर निळा धूर! शेजारच्या आजीबाई दारात येऊन विचारू लागल्या, ‘‘डॉक्टर निघाले काय?’’

गाडी सुरू झाली म्हणून रस्त्यावर न्यायची नसते हं! 2021च्या नियमांनुसार मूळ रूपातली, पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण ती रोज दामटायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. आम्ही आधी कागदपत्रे केली. भाचीला चालवायला अजून वेळ आहे, कारण गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षीच मिळतो. तोवर हेड मिस्त्री तीच!

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगाव आपल्या गाड्या घेऊन जमतात. 2023 साली आम्हीही गेलो. पुढे मी, मागे आबा, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. आजूबाजूला चकचकीत गाड्यांची रांग. आमची पाकळी तुटलेली, टाकीला पोचा.

एकाने विचारले, ‘‘अहो, एवढा खर्च केलात, हा पोचा का नाही काढला?’’

आबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली, टाकीवर हात ठेवला आणि सुरुवात केली, ‘‘त्याचं असं झालं, 74 साल होतं, ओढ्याला पाणी...’’