कुबडावरच्या खाचा

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या मुखाबाहेर आमच्या होडीचं मशीन बंद झालं आणि पहिल्यांदा ऐकू आला तो श्वास, फुस्सकन. डॉल्फिन दिसायच्या आधी ऐकू येतो, हे मला त्या सकाळी कळलं.

कॅमेरा माझ्या हाती, होडी आमच्या होडीवाल्या तात्यांच्या. "रंगार जाव नकात, पाठ बघा," ते म्हणाले. खरंच होतं. हे जनावर पाण्याखाली तपकिरी वाटतं, वर आलं की करडं, आपण उन्हाकडे तोंड केलं की चक्क काळं. त्याच्या ‘सूसा प्लम्बिया’ या शास्त्रीय नावातच शिशाचा रंग आहे. कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ साली मलबार किनाऱ्यावरच्या डॉल्फिनला शिशाचं ते विशेषण दिलं.

आधी लांब, निमुळती चोच पाण्याबाहेर येते. मग कपाळ, आणि मग पाठीच्या मध्यावरचं लांबट कुबड. त्या कुबडावर छोटासा पर. खोल बुडी मारायची असली की पाठीची कमान होते आणि शेपूट वर उचलली जाते. एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत. मोठा डॉल्फिन अडीच मीटरांच्या आसपास भरतो, पण आपल्या वाट्याला येते ती ही वीतभर ओळख.

फोटो हवा तो पराचा, अगदी आडवा, डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंचा. पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. कातडीवरचे ओरखडे भरून येतात, खाच मात्र राहते. शंभरेक फोटोंतले आठ-दहाच कामाचे निघाले. रात्री ते मोठे करून पाहिले. एका पराला दोन खाचा होत्या, आणि त्यांच्या खाली कुबडावर पांढरी रेघ, दोरीने कापावी तशी सरळ. ती पाहून पोटात कालवलं.

उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून राहणारा हा जीव. मासे तिथेच, त्यामुळे आपली जाळीही तिथेच, आणि आपल्या होड्याही. जगात ही जात संकटग्रस्त मानली गेली आहे. आपल्या वन्यजीव कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे.

त्या सकाळी आमच्यासमोर एक पिल्लू आईच्या कुशीला लागून वर येत होतं. त्याला अजून धड कुबडही नव्हतं. ते वयाबरोबर वाढतं. इतक्यात पर्यटकांची एक होडी भरधाव थेट त्यांच्या अंगावर गेली. दोघं बुडाली. आम्ही वीस मिनिटं थांबलो, पुन्हा श्वास ऐकू आला नाही.

तारकर्ली-देवबागला गेलात तर होडीवाल्याला आधीच सांगा: पाठलाग नको, लांबूनच मशीन बंद करा. डॉल्फिनला यायचं असेल तर तो आपणहून येतो.