वाहनकराला स्वतःचे खाते हवे

यवतमाळच्या आरटीओत एमएच-29 क्रमांकाची मोटारसायकल नोंदवताना मालक एकरकमी कर भरून मोकळा होतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो मोकळा होत नाही. पंपावर टाकी भरताना दर लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क असते, त्यातच रस्ते व पायाभूत सुविधांचा सेस असतो आणि वर राज्याचा व्हॅट. चारचाकी असेल तर महामार्गावर टोल वेगळा. इतके देऊनही दारव्हा, घाटंजी किंवा झरी-जामणीच्या माणसाने विचारले की माझ्या कराचा रुपया कुठे गेला, तर त्याला दाखवायला एकही खाते नाही. वाहनकर राज्याच्या एकत्रित निधीत पडतो आणि तिथे त्याची ओळख पुसली जाते. हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, त्यातला ठरलेला भाग जिल्ह्याच्या रस्त्यांना मिळावा आणि अवजड मालवाहतुकीकडून येणारा वाटा रेल्वेकडे वळवावा, असे माझे म्हणणे आहे.

कल्पना नवी नाही, आणि तिच्यामागे एक मराठी नाव आहे. 1927 मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक मंडळांना आता पेलणारा नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर लावून त्याचा स्वतंत्र निधी करावा, असे या समितीने सांगितले. त्यानुसार मार्च 1929 मध्ये पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वरचे दोन आणे रस्ते निधीत जाऊ लागले. वर्ष संपले म्हणून या निधीतली शिल्लक बुडायची नाही, हे त्यातले शहाणपण. वाटणीत मात्र खोट होती. दहावा हिस्सा केंद्राकडे ठेवून उरलेला पैसा प्रांतांना पेट्रोलच्या खपाप्रमाणे मिळे. म्हणजे जिथे मोटारी आधीच होत्या तिथे रस्ते झाले आणि बैलगाडीवर कापूस नेणाऱ्या मुलखाला उरलेसुरले आले.

या निधीला 2000 साली केंद्रीय रस्ते निधी कायद्याचे रूप मिळाले. डिझेलच्या सेसपैकी निम्मा ग्रामीण रस्त्यांना, उरलेल्या रकमेतून राष्ट्रीय महामार्गांना 57.5 टक्के, राज्यांच्या रस्त्यांना 30 टक्के आणि रेल्वे फाटकांवरच्या पुलांना 12.5 टक्के, अशी वाटणी कायद्यातच होती. रस्त्यावरचा कर रेल्वेसाठी वापरण्याचे तत्त्व त्यात मान्य झालेले दिसते. 2018 मध्ये निधीचे नाव बदलले, त्यात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले, आणि शाळा-रुग्णालयांपर्यंतची कामे यादीत बसली. कामे चांगलीच आहेत. पण ठरलेली टक्केवारी गेली, आणि सेस असल्यामुळे ही रक्कम राज्यांच्या करवाट्यातही येत नाही. नागरिकाला हिशेब विचारायला जागाच उरली नाही.

वेगळे खाते महाराष्ट्राने चालवून दाखवलेले आहे, आणि त्या गोष्टीची सुरुवात याच जिल्ह्यातल्या पुसदच्या वसंतराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात झाली. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला, 1977 मध्ये हमीचा कायदा झाला. निधीच्या उगमांत मोटार वाहनांवरचा जादा करही होता, आणि लोकांकडून जितके जमेल तितकीच भर राज्याने घालायची असे ठरले. शहरातल्या पगारदाराने त्या कराविरुद्ध बंड केले नाही, कारण पैसा कुठे जातो हे त्याला ठाऊक होते.

रेल्वेचा प्रश्न इथे याच धाग्यात येतो. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला कापसासाठी खासगी ब्रिटिश कंपनीने घातली, स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी कंपनीकडेच राहिली आणि देखभालीची जबाबदारी कोणी मनापासून घेतली नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग 2008-09 च्या सुमारास मंजूर झाला. त्यात राज्याचा वाटा 40 टक्के. त्यातला वर्धा–कळंब हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा टप्पा सुरू व्हायला 28 फेब्रुवारी 2024 उजाडला. भूसंपादनाच्या अडचणी खऱ्या, पण दरवर्षी दोन अर्थसंकल्पांकडे हात पसरणाऱ्या मार्गाचे असेच होते. राज्याच्या वाट्यासाठी न बुडणारा निधी असता, तर निदान पैशाचे कारण उरले नसते.

मोटारवाल्याने रेल्वेसाठी का मोजावे, हा आक्षेप सर्वांत जोरकस आहे. उत्तर वणी परिसरात मिळते. कोळशाच्या खाणी आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना यांच्या वाहतुकीखाली रस्ते कसे टिकावेत? रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, हे 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून पुढे आले. 2018 मध्ये केंद्राने चार चाकांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. भार वाढला पावणेतेरा टक्के. त्या सूत्राने झीज वाढते साठ टक्क्यांच्या पुढे. मालगाडीचा एक रेक साडेतीन-चार हजार टन कोळसा उचलतो, म्हणजे तीस टनी शंभराहून जास्त ट्रकांचा माल. ते ट्रक रस्त्यावर न आल्याचा फायदा मोटारसायकलवाल्यालाच होतो. म्हणून रेल्वेसाठीचा वाटा दुचाकीवर न लादता जड आसांवर लावावा. शेतकऱ्याच्या दुचाकीवर बोजा येईल, ही भीतीही तिथेच मिटते.

अर्थखात्याचा आक्षेप वेगळा: प्रत्येक कराला खाते बांधले, तर संकटात सरकारचे हात बांधले जातात. हे खोटे नाही. म्हणून सगळा वाहनकर बांधू नये, ठरावीक हिस्साच बांधावा, आणि त्याचा तालुकावार जमाखर्च दरवर्षी छापावा. वाटणी मात्र पेट्रोलच्या खपावर नको, नाहीतर 1929 ची चूक पुन्हा होईल आणि पुणे-मुंबईच पैसा ओढतील. रस्त्यांची लांबी आणि त्यांवरून जाणारा जड माल हा निकष हवा.

विजेवरच्या गाड्या वाढल्या की इंधनावरचा कर आटणार, हेही आत्ताच धरून चालले पाहिजे. तेव्हा वजन आणि अंतर हाच कराचा पाया राहील, आणि वणीपुरते त्यासाठी नवे यंत्र उभारायला नको. खाणीतून बाहेर पडणारा ट्रक आजही वजनकाट्यावर चढतो आणि भरलेल्या टनांची पावती घेऊनच फाटकाबाहेर जातो.