प्रोफाइल दिलं, पण कुणाला?

जावाचं एकच ॲप्लिकेशन लॅपटॉपवर एका डेटाबेसशी बोलतं, टेस्टिंगच्या सर्व्हरवर दुसऱ्याशी आणि प्रॉडक्शनमध्ये तिसऱ्याशीच. स्प्रिंग बूटमध्ये याची सोय सोपी आहे. सगळीकडे सारख्या असलेल्या सेटिंग्ज मुख्य ‘ॲप्लिकेशन’ फाइलमध्ये ठेवायच्या आणि फरक असेल तेवढाच ‘ॲप्लिकेशन-डेव्ह’, ‘ॲप्लिकेशन-प्रॉड’ अशा फाइलींत. सुरू करताना प्रोफाइलचं नाव सांगितलं की त्या नावाच्या फाइलीतलं मूल्य मुख्य फाइलीतल्या मूल्याची जागा घेतं. घोळ होतो तो हे नाव मेव्हन किंवा ग्रेडलकरवी सांगताना.

दोन वेगळी प्रोफाइल्स

मेव्हनची स्वतःचीही प्रोफाइल्स असतात. ती 2005 मध्ये मेव्हन 2.0 बरोबर आली. स्प्रिंगची 2011 मध्ये, 3.1 आवृत्तीत. मेव्हनचं प्रोफाइल ‘डॅश-पी’ने निवडतात. कुठली डिपेंडन्सी घ्यायची, कुठला प्लगइन चालवायचा, हे ते बिल्डच्या वेळी ठरवतं. स्प्रिंगचं प्रोफाइल ॲप सुरू होताना वाचलं जातं. त्यामुळे नुसतं ‘डॅश-पी डेव्ह’ लिहिलं म्हणून स्प्रिंगचं ‘डेव्ह’ लागू होत नाही. पॉम फाइलीत कुणी दोघांची मुद्दाम गाठ घातली असेल, तरच होतं.

मेव्हन: निरोप पोचत का नाही

‘स्प्रिंग-बूट:रन’ दिल्यावर मेव्हन ॲपसाठी दुसरं जेव्हीएम सुरू करतं. स्प्रिंग बूट 3 मध्ये तर नेहमीच. आता ‘डॅश-डी’ लावून प्रोफाइल ठरवणारी स्प्रिंगची ‘स्प्रिंग डॉट प्रोफाइल्स डॉट ॲक्टिव्ह’ ही प्रॉपर्टी दिली, तर ती मेव्हनच्या जेव्हीएमला मिळते आणि तिथेच राहते. एरर काही येत नाही, हीच खरी पंचाईत. ॲप मुकाट्याने डिफॉल्टवर उठतं आणि आपण भलत्याच डेटाबेसमध्ये नोंदी शोधत बसतो.

त्यासाठी स्प्रिंग बूटच्या मेव्हन प्लगइनची वेगळी प्रॉपर्टी आहे: ‘स्प्रिंग-बूट डॉट रन डॉट प्रोफाइल्स’. ‘डॅश-डी’ने हिला ‘डेव्ह’ दिलं की प्लगइन ते पुढे ॲपला देतं. बूट 1 च्या काळात हिचं नाव नुसतं ‘रन डॉट प्रोफाइल्स’ होतं. जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली कमांड इथेच दगा देते, तीही आवाज न करता.

ग्रेडल

इथेही तीच गोष्ट. ‘बूटरन’ला ‘डॅश-डी’ दिलं तर ते ग्रेडलपाशीच थांबतं. ‘डॅश डॅश आर्ग्ज’ लिहून त्यात ॲपचं आर्ग्युमेंट, म्हणजे ‘डॅश डॅश स्प्रिंग डॉट प्रोफाइल्स डॉट ॲक्टिव्ह’, द्यावं. ही सोय ग्रेडल 4.9 पासून आहे.

दोन्हीकडे चालणारा मार्ग

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. ‘स्प्रिंग डॉट प्रोफाइल्स डॉट ॲक्टिव्ह’ हेच नाव कॅपिटल अक्षरांत, डॉटच्या जागी अंडरस्कोअर. नव्या प्रोसेसला पालक प्रोसेसची व्हेरिएबल्स आपोआप मिळतात, त्यामुळे मध्ये कितीही जेव्हीएम आली तरी बिघडत नाही. मी तरी हाच मार्ग आधी सुचवेन. फक्त सेट केलेलं व्हेरिएबल त्या टर्मिनलमध्ये तसंच राहतं, हे विसरू नये.

खात्री लॉगवरूनच करावी. सुरुवातीच्या ओळींतच ‘द फॉलोइंग 1 प्रोफाइल इज ॲक्टिव्ह’ असं येतं आणि पुढे नाव असतं. ‘नो ॲक्टिव्ह प्रोफाइल सेट’ दिसलं, तर निरोप वाटेत हरवला.

सर्व्हरवर

तिथे बिल्ड टूलचं काम नाही. जार थेट ‘जावा डॅश-जार’ने चालवावा. ‘डॅश-डी’ जारच्या नावाआधी यायला हवं. नंतर लिहिलं तर ते साधं आर्ग्युमेंट ठरतं आणि जेव्हीएम त्याकडे बघतही नाही. ‘डॅश डॅश’ने सुरू होणारं आर्ग्युमेंट मात्र जारच्या नावानंतर. एकाच प्रॉपर्टीला दोन-तीन ठिकाणी मूल्य दिलं असेल, तर कमांड लाइनचं आर्ग्युमेंट सगळ्यांत वरचढ, त्याखाली ‘डॅश-डी’, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि शेवटी फाइली.

मेव्हनच्या रिसोर्स फिल्टरिंगने प्रोफाइलचं नाव बिल्ड होतानाच जारमध्ये कोरता येतं. काही टीम ते करतात. मला ते पटत नाही. मग टेस्टिंगला एक जार आणि प्रॉडक्शनला दुसरा जातो, म्हणजे जो तपासला तो चढवलाच जात नाही. ‘ॲप्लिकेशन-प्रॉड’ फाइलीत डेटाबेसचा पासवर्डही ठेवू नये. ती फाइल जारमध्येच असते आणि जार म्हणजे शेवटी झिप. कुणीही उघडून वाचू शकतं.